माळावरची रत्ने

'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा प्रत्यय मात्र फार क्वचित येतो. यंदा उन्हाळी सुटीत कोठे जावे याविषयी आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाची बैठक भरली, तेव्हा तो मला आला. एका मुलाने आपल्या मोबाइलवर अमेरिकेतील वाळवंटाची चित्रफीत दाखविली. डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या घातलेली, उन्हाने रापलेली कुटुंबेच्या कुटुंबे तेथे गाड्या घेऊन जातात, तंबू ठोकतात, हातोडी आणि कुदळ घेऊन दिवसभर जमीन खणतात आणि सायंकाळी रंगीबेरंगी दगड ओंजळीत धरून आनंदाने हसतात. "फादर, आपणही राजस्थानच्या वाळवंटात अशीच रत्ने शोधायला जाऊ या," असा प्रस्ताव आला आणि त्याला टाळ्या पडल्या. कोणी रेल्वेची भाडी मांडू लागले, कोणी तंबूंची चौकशी करू लागले.

मी त्यांना एवढेच विचारले, की त्याच अमेरिकेतील अॅरिझोना राज्याच्या वाळवंटात टूसॉन नावाचे शहर आहे. तेथे १९५५ पासून दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास खनिजांचा आणि रत्नांचा मोठा बाजार भरतो. जगभरातील हौशी माणसे तेथे मोठ्या आवडीने जे दगड विकत घेतात, त्यांत पुणे, नाशिक आणि जळगाव या नावांच्या चिठ्ठ्या लावलेले दगड किती असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? कोणालाच ठाऊक नव्हते. वाळवंटातील माणसे आपल्या गावचे दगड पाहायला येतात आणि आपण वाळवंटाकडे निघालो आहोत, हे ऐकून मुले क्षणभर गप्प झाली. मग त्यांच्यातील एका मुलीने विचारले, "पण फादर, आपल्याकडे तर नुसता काळा दगड! त्यात रत्ने कुठली?"

प्रश्न रास्त होता. आपले घाट, आपले किल्ले, आपल्या लेण्या आणि आपल्या घरांचे जोते हे सारे त्या काळ्या दगडाचेच. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा, थरावर थर चढवीत आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. डोंगराच्या कडेने पाहिले, की हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. म्हणूनच त्यांना 'ट्रॅप' असे नाव पडले. पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून ते आले आहे. लाव्हारस थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे आतल्या आत अडकले आणि दगडात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. काही वाटाण्याएवढ्या, तर काही माणूस आत बसेल एवढ्या. पुढे या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली द्रव्ये भिंतींना चिकटून, कणाकणाने वाढून त्यांचे स्फटिक झाले. अंधारात, कोणी पाहणारे नसताना, अशी ही रत्ने घडली. काळा दगड फोडला आणि त्यातील पोकळी नेमकी उघडली, तर आत पांढरी, गुलाबी, क्वचित हिरवी फुले फुललेली दिसतात.

त्यांची नावे प्रथम कानाला परकी वाटतात. पण दोनचार वेळा उच्चारली, की सवयीची होतात. पाखराच्या पंखासारखा किंवा मधोमध बांधलेल्या पेंढीसारखा दिसणारा, बहुधा फिकट गुलाबी, तो स्टिल्बाइट. चौकोनी मनोऱ्याप्रमाणे टोकदार आणि काचेसारखा चमकणारा, तो अॅपोफिलाइट. पुण्याजवळील पाषाणच्या टेकडीतून निघालेला हिरवा अॅपोफिलाइट तर जगभर नावाजलेला आहे. सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट. कापसाच्या बोंडासारखा मऊ दिसणारा, पण स्पर्श करताच मोडणारा ओकेनाइट. यांपैकी स्टिल्बाइट, स्कोलेसाइट आणि त्यांची भावंडे झिओलाइट या कुळातील होत. क्रॉनस्टेड्ट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक दगड ज्योतीवर धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. कारण त्याच्या अंगातच पाणी साठलेले असते. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून त्याला 'उकळणारा दगड' असे नाव दिले. पाण्याने घडविलेला आणि पाणी पोटात बाळगणारा असा हा दगड आहे. पाणी मृदू करण्यासाठी, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि तेलशुद्धीकरणात आज झिओलाइट वापरले जातात. त्यांतील बहुतेक कारखान्यात बनविलेले असतात, पण त्यांची युक्ती निसर्गाची आहे.

येथे एक गोष्ट मुलांना आरंभीच सांगून टाकणे मला आवश्यक वाटले. सोनाराच्या दुकानातील अर्थाने ही रत्ने नव्हेत. स्टिल्बाइट तर चाकूने सहज ओरखडता येतो. अंगठीत बसविला तर महिनाभरात त्याचे तेज जाईल. ही रत्ने अंगावर मिरविण्याची नव्हेत, केवळ पाहण्याची आहेत. ज्याला ती विकून श्रीमंत व्हावयाचे आहे, त्याने सहलीला न आलेलेच बरे, असे मी हसत हसत म्हणालो. ते हसण्यावारी नेले गेले. पण पुढे त्याच प्रश्नाने आमची परीक्षा पाहिली.

या दगडांशी माझा परिचय गुरुविद्यालयात असतानाचा. पुण्यातील पेपल सेमिनरी मूळची श्रीलंकेतील कँडीची. १८९३ मध्ये तेथे स्थापन झालेली ही संस्था १९५५ मध्ये पुण्यास आली आणि नगर रस्त्यावर रामवाडी येथे स्थिरावली. त्याच रस्त्याने पुढे गेले, की वाघोली लागते. १९९० नंतरच्या वर्षांत मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो. सुटीच्या दिवशी आम्ही काही जण सायकली काढून वाघोलीच्या दगडखाणींकडे जात असू. खाणकामगारांच्या पालांत जाऊन मुलांना अक्षरे शिकविणे हा आमचा उद्देश. तेथे एका दुपारी खडी फोडीत बसलेल्या एका बाईंनी पदराच्या गाठीतून एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. पांढऱ्या स्टिल्बाइटवर मोरपिशी निळ्या रंगाचा, बाभळीच्या फुलासारखा काटेरी गोळा बसलेला होता. इतका निळा रंग मी त्यापूर्वी दगडात पाहिला नव्हता. "सुरुंग उडल्यावर असं घावतं कवा कवा. मुकादम घिऊन जातो. ह्यो माझ्या पोरीसाठी ठिवला हुता, पर तुमी तिला लिहाया शिकवता, म्हून तुमास्नी," असे त्या म्हणाल्या. मी पैसे देऊ केले. त्यांनी हात मागे घेतला.

तो दगड कॅव्हन्साइटचा होता, हे मला पुढे एका भूशास्त्राच्या प्राध्यापकांकडून कळले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या घटकांच्या आद्याक्षरांवरून हे नाव तयार झाले आहे. हे खनिज १९६७ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात प्रथम सापडले. पण त्याचे सर्वांत सुंदर नमुने मिळाले ते आमच्या वाघोलीच्या खाणींत. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत काचेआड ठेवावे असे हे निळे वैभव ज्या हातांनी प्रथम उचलले, ते हात दिवसाच्या रोजावर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांचे होते. याच खाणकामगारांच्या मुलांसाठी 'संतुलन' या संस्थेने पुढे वाघोली परिसरात पाषाणशाळा उभ्या केल्या. त्यांविषयी ऐकतो, तेव्हा मला त्या बाईंची लेक आठवते. ती आता चाळिशीच्या घरात असेल.

धर्मगुरूने दगडांच्या नादी लागावे काय, असे आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला थट्टेने विचारले. त्यांना मी दोन नावे सांगितली. पहिले निकोलस स्टेनो यांचे. डेन्मार्कमध्ये १६३८ साली जन्मलेले हे वैद्य १६६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगून गेले, की खडकांचे थर एकावर एक साचत जातात आणि गारेच्या स्फटिकाचा आकार लहानमोठा असला, तरी त्याच्या बाजूंमधील कोन बदलत नाहीत. ते १६६७ मध्ये कॅथलिक झाले, पुढे धर्मगुरू आणि बिशप झाले, आणि १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. दुसरे नाव फ्रान्सचे फादर रने-ज्युस्त आयुई यांचे. एका गरीब विणकराचा हा मुलगा १७४३ मध्ये जन्मला. एकदा मित्राच्या संग्रहातील कॅल्साइटचा नमुना त्यांच्या हातून खाली पडला आणि फुटला. इतर कोणी ओशाळून तुकडे गोळा केले असते. त्यांनी ते निरखून पाहिले. प्रत्येक तुकड्याची ठेवण सारखीच आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. घरी जाऊन त्यांनी स्वतःच्या संग्रहातील स्फटिक फोडले आणि स्फटिक हा सारख्या आकाराच्या अतिसूक्ष्म विटांनी रचलेला असतो, हा सिद्धांत १७८४ मध्ये मांडला. राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, नव्या राजवटीची शपथ न घेतल्यामुळे त्यांना कैदेत टाकण्यात आले; एका तरुण शास्त्रज्ञ शिष्याने धावपळ करून त्यांना सोडविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसमध्ये कैदेतील शेकडो लोकांची कत्तल झाली, त्यांत अनेक धर्मगुरू होते. त्याच फादर आयुईंनी १८०६ मध्ये एका खनिजाला अॅपोफिलाइट हे नाव दिले. तापविले असता पापुद्रे सुटतात, असा त्याचा अर्थ. पाषाणच्या टेकडीतील हिरव्या दगडाचे बारसे अशा रीतीने एका धर्मगुरूने केलेले आहे! ज्येष्ठ गृहस्थांनी मान डोलावली आणि सहलीसाठी आपली जीप देऊ केली.

या दगडांची कीर्ती जगात गेली त्यालाही एक निमित्त घडले. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वेमार्ग खोदला गेला, तेव्हा बोगद्यांतून आणि कापलेल्या कड्यांतून स्फटिकांचे सुरेख गुच्छ बाहेर पडले आणि विलायतेतील संग्रहालयांत जाऊन बसले. पण त्याही फार पूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात पैठणहून भडोचला गाड्या भरभरून गोमेद जातीचे दगड जात असल्याची नोंद आहे. गोमेद आणि अकीक हेही आपल्या काळ्या कातळातील पोकळ्यांत जमलेले गारेचेच प्रकार. म्हणजे दोन हजार वर्षे आपण दगड बाहेर धाडीत आलो आहोत. इतके असूनही आपल्या खेड्यांत त्यांना एकच नाव आहे, गारगोटी. आणि ती नांगराच्या फाळाला लागली, की शेतकरी बांधापलीकडे भिरकावून देतो.

आम्ही सहलीसाठी अवसरी बुद्रुक हे गाव निवडले ते दोन कारणांनी. आंबेगाव तालुक्यातील हे गाव पुणे-नाशिक मार्गावरील मंचरपासून जवळ. पहाटे निघून रात्री परत येता येते. आणि दुसरे, आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे तेथील एका शेतकऱ्याशी तीन पिढ्यांचे घरोब्याचे संबंध आहेत. त्या वृद्ध शेतकऱ्याला गावात आणि आमच्यातही सारे 'आबा' म्हणतात. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडे येता येता तो आटत जातो. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. त्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव बुडाले आणि तालुक्याचे केवळ नाव मागे राहिले. कालव्यांनी खालच्या रानांत ऊस आला, हिरवळ आली. परंतु कालव्याच्या वर राहिलेला माळ तसाच राहिला. कुसळी गवत, बोरीबाभळी आणि उघडा मुरूम. मे महिन्यात त्यावर उभे राहिले, की राजस्थानला जाण्याचे कारण उरत नाही. आबांचे रान त्या माळावर आहे, आणि तेथे ते विहीर खोदीत होते.

मी पाहणीसाठी एप्रिलमध्ये एकटाच गेलो. विहीर पंचावन्न फूट गेली होती. यारीने वर आलेल्या दगडांचा ढीग काठावर पडला होता आणि उन्हात लकाकत होता. पांढरे आणि फिकट गुलाबी स्टिल्बाइट, मधून मधून एखादी गार. मी आनंदाने एक तुकडा उचलला. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "फादर, तुम्हाला ह्या चकाकीचं कवतिक. आमच्या काळजात ह्यो पांढरा मसाला दिसला की धस्स होतं. मांजऱ्या खडक पोकळ असंल तर पाझर लागतो. पर त्याची भोकं ह्यानं बुजवली, की पान्याला जागाच ऱ्हात न्हाई."

आबा शाळेत चौथीपर्यंत शिकलेले; पण भूजलशास्त्राचे पुस्तक याहून निराळे काही सांगत नाही. बुडबुड्यांच्या जागा खनिजांनी भरून गेल्या, की दगडात पाणी साठण्यास वाव उरत नाही. मग पाणी सापडते ते झिजलेल्या थरात, चिरांत आणि दोन थरांच्या सांध्यात. एकेकाळी पाण्याने येऊन रत्ने घडविली आणि त्याच रत्नांनी आता पाण्याची वाट अडविली होती. एका माणसाची दौलत ती दुसऱ्याची निराशा, हे मी त्या काठावर उभा राहून पाहिले. ईयोबाच्या ग्रंथात खाण खणणाऱ्यांचे मोठे चित्रमय वर्णन आहे. डोंगर मुळापासून उलथणारा, अंधारात दिवा नेणारा माणूस मौल्यवान सारे शोधून काढतो. पण ज्ञान कोठे सापडते, असे तेथे विचारले आहे. त्या विहिरीत डोकावताना मला तो अध्याय आठवला आणि आपली सहल ही केवळ मौज असता कामा नये, असे वाटले.

मग नियोजन सुरू झाले. ते येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण अन्य धर्मग्रामांतील मंडळांनाही त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम काळ. पावसाळ्यात काळी माती पायांना आणि हत्यारांना चिकटते, ओढ्यांच्या कडा ढासळतात. हिवाळा उत्तम, परंतु विहिरी खोदल्या जातात त्या उन्हाळ्यात, आणि ताजा ढीग तेव्हाच मिळतो. वळवाची एखादी सर पडून गेली, की ढिगावरची धूळ धुतली जाते आणि स्फटिक आपोआप डोळ्यांत भरतात. म्हणून आम्ही मे महिन्याचा शेवटचा आठवडा ठरविला. काम सकाळी सहा ते दहा, आणि नंतर सावली.

दुसरे, परवानगी. आपल्या राज्यात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांवर शासनाचा हक्क आहे. राखीव वनातून तर साधा दगडही उचलणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा ठरतो. म्हणून वनखात्याच्या हद्दीत पाऊल टाकावयाचे नाही आणि कोणाच्याही रानात मालकाला विचारल्यावाचून खणावयाचे नाही, असा नियम केला. चालू दगडखाणींचा मोह तर पूर्णपणे टाळला. अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामास कायद्याने मज्जाव आहे. आमच्या मंडळात सोळा-सतरा वर्षांची मुलेमुली आहेत. शिवाय सुरुंगाची वेळ, सैल झालेला कडा, न उडालेली दारू हे सारे तेथे दबा धरून असते. विहिरीत कोणीही उतरावयाचे नाही. जे काही शोधावयाचे ते वरच्या ढिगात.

तिसरे, जनावरे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे आहेत हे वाचकांस सांगावयास नको. जुन्नरजवळ माणिकडोह येथे त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. सूर्य मावळण्यापूर्वी सर्वांनी गाडीत बसावे, उसाच्या कडेला एकट्याने जाऊ नये. दगडाखाली विंचू किंवा फुरसे असू शकते. म्हणून दगड हाताने न उचलता आधी पहारीने कलता करावा.

चौथे, साहित्य. डोळ्यांवर जाड चष्मा, हातांत मोजे, पायांत बूट. खिळे ठोकण्याची हातोडी दगडावर मारू नये, तिची कपची उडून डोळ्यात जाते. दगडासाठीचीच हातोडी आणि छिन्नी असावी. जुनी वर्तमानपत्रे आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भरपूर घ्यावेत. स्फटिक आम्लात धुऊ नयेत. पुष्कळसे झिओलाइट आम्लाने खराब होतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आणि काही दगड उचलूच नयेत. लॉमोंटाइट नावाचा एक पांढरा झिओलाइट जमिनीच्या ओलाव्यात अखंड असतो. कोरड्या हवेत आणला, की त्यातील पाणी उडते आणि काही काळाने त्याचा भुगा होतो. तो जेथे आहे तेथेच शोभतो.

पाचवे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, नोंद. प्रत्येक दगडासोबत एक चिठ्ठी असावी: गाव, रान, विहिरीची खोली, तारीख, आणि तो कोणाच्या श्रमाने वर आला त्याचा उल्लेख. चिठ्ठी नसलेला दगड हा नाव नसलेल्या पत्रासारखा असतो.

या पाचव्या कलमावरूनच वाद निघाला. आमच्या मंडळातील एक तरुण, पदविका घेऊन दोन वर्षे नोकरीच्या शोधात फिरलेला, बैठकीत उभा राहिला. त्याने एका व्यापाऱ्याशी आधीच बोलून ठेवले होते. "फादर, ढीग तसाही रस्त्यावर टाकणार आहेत. आपण वेचलेले दगड विकले, तर मंडळाला पैसे मिळतील आणि मलाही यातून धंदा सुरू करता येईल. यात चूक काय?" त्याच्या आवाजात हाव नव्हती, गरज होती. त्यामुळे त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. प्रामाणिक व्यापार वाईट नाही. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेले 'गारगोटी' हे संग्रहालय पाहावे. संग्रह करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी हे दगड वेळीच उचलले नसते, तर त्यांतील कितीतरी खडी होऊन रस्त्याखाली गेले असते. तरीही मी त्याला विचारले, की हा ढीग कोणाचा? यारीचे भाडे कोणी भरले? सुरुंगाचा खर्च कोणी केला? पाणी लागले नाही, तर कर्ज कोणाच्या डोक्यावर राहील?

बराच वेळ चर्चा झाली. शेवटी असे ठरले, की आम्ही ढीग निवडून देऊ. त्यातील चांगले नमुने वेगळे काढून, बांधून, नोंदवून आबांच्या ओटीवर ठेवू. ते विकावयाचे असतील, तर आबांनी तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात रीतसर विचारणा करावी आणि जो पैसा येईल तो त्यांचा. आम्ही प्रत्येकाने एकच दगड घरी न्यावा, तोही आबांनी हाताने दिलेला. तो तरुण नाराज झाला. पण सहलीला आला, आणि व्यापाऱ्याशी बोलून भाव समजून घेण्याचे काम त्याने आबांच्या वतीने अंगावर घेतले.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही बावीस जण अवसरीला गेलो. आदल्या रात्री वळवाची सर येऊन गेली होती. पहिला तासभर कोणाच्या हाती काही लागेना. काळ्या दगडांत काळे दगड. मग डोळे सरावले. एकीने मुठीएवढा गोटा फिरविला आणि ओरडलीच. आत गुलाबी पेंढ्या दाटीने बसल्या होत्या. त्यानंतर कोणी मोबाइलकडे पाहिले नाही. आबांच्या सूनबाईंनी भाकरी, पिठले आणि ठेचा आणला. विहीर खोदणारे तीन गडी आमच्याबरोबरच जेवायला बसले. त्यांच्यातील एकाने मुलांना दगड कसा बोलतो ते दाखविले. हातोडीचा आवाज भरीव आला तर आत काही नाही, बद्द आला तर पोकळी आहे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. आमच्या नोंदवहीत त्या तिघांची नावे प्रत्येक चिठ्ठीवर लिहिली गेली. त्यांपैकी एकाला स्वतःचे नाव लिहिलेले दाखविले, तेव्हा तो ते बोटाने चाचपून पाहत राहिला.

सायंकाळी सहा ट्रे भरले. त्यांतील बहुतेक नमुने साधे होते, हे खरे सांगितले पाहिजे. निळे किंवा हिरवे काही सापडले नाही. व्यापाऱ्याने पुढे जो भाव सांगितला, त्यात यारीचे चार दिवसांचे भाडेही निघाले नसते. विहिरीला तळाशी आडवे बोअर मारल्यावर एका बाजूने पाझर लागला आहे. दिवसाकाठी तासभर मोटर चालते एवढा. आबा त्यावर समाधानी आहेत. ट्रे विकण्याचे त्यांनी तूर्त मनावर घेतलेले नाही. "असू द्या ओटीवर. पोरं येत्यात, बघत्यात," असे ते म्हणतात. गावातील शाळेच्या गुरुजींनी एक ट्रे शाळेसाठी मागून नेला आहे, चिठ्ठ्यांसकट.

नोकरी शोधणारा तो तरुण आता सिन्नरचे संग्रहालय पाहून आला आहे आणि दगड ओळखण्याची पुस्तके माझ्याकडून नेऊन वाचतो. त्याला पोटापाण्याचे साधन यातून मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मिळाले तर तो ढिगाच्या मालकाला विचारूनच हात घालील, एवढा विश्वास मला वाटतो. पुढील वर्षी मंडळाने पुन्हा अवसरीस जाण्याचे ठरविले आहे. अर्धा दिवस दगड वेचावयाचे आणि अर्धा दिवस उरलेला मुरूम वाहून आबांच्या रानाच्या वरच्या अंगाला बांध घालावयाचा, म्हणजे पावसाचे पाणी माळावरून धावत न जाता थोडे थांबेल आणि मुरेल. त्यासाठी लागणाऱ्या घमेल्यांची आणि फावड्यांची यादी तयार आहे. जीप पुन्हा मिळणार आहे. ज्या वाचकांना येण्याची इच्छा असेल त्यांनी आनंदाने यावे. येताना जाड चष्मा, एक जुने वर्तमानपत्र आणि दुपारच्या भाकरीपुरती भूक एवढे बरोबर आणावे.